दारं नसलेलं कॉमिक्स

आधी तो टेबलाखाली गेला की आधी मी किंचाळले, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

जानेवारीतला मंगळवार होता. दुपारचा दीड. सांगलीतल्या आमच्या वाचनालयात त्या वेळी पेपर तोंडावर घेऊन डुलक्या काढणारे दोन पेन्शनर आणि मी, एवढीच माणसं असतात. हा नवाच होता. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून पुस्तकं नुसती चाळत होता — एसटी येईपर्यंत सावलीला टेकलेला माणूस चाळतो तशी. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर रोज दीड वाजता पडतं. दुकानदार कोंडीबा ते ओढत नाहीत, सोडून देतात.

धाडकन आवाज झाला आणि समोरची खुर्ची रिकामी!

मी किंचाळले. मी जन्माची भित्री. कुत्रं, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन... मला कशाचीही भीती वाटते. एक अख्खा माणूस डोळ्यांदेखत नाहीसा झाला तर वाटणारच.

"कोण... कोण आहे?" मी वेड्यासारखं विचारलं.

"मीच हाय," टेबलाखालून आवाज आला. "मगाशी बसलोवतो की हितं."

"काय झालं? चक्कर आली का?"

"न्हाई... पेन पडलं."

"पेन तुमच्या खिशाला आहे."

टेबलाखाली खिसा चाचपल्याचा आवाज.

"मग दुसरं कायतरी पडलं आसंल."

तो बाहेर आला. तिशीच्या आतला, उंच, सावळा. कपाळावर ऐन जानेवारीत घामाचे थेंब. हात थरथरत होते, म्हणून त्यानं ते पाठीमागे बांधून ठेवले होते... आणि तरी तो हसायचा प्रयत्न करत होता. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो गटागटा प्यायला, मग नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून की काय, म्हणाला, "नाव नोंदवायचंय. सभासद व्हायचं."

"नाव?"

"वीरधवल."

मी ओठ दाबून लिहायला लागले.

"हसा की. समदी हसत्यात. नावात वीर हाय, अंगात न्हाई."

मी हसले नाही. पण वर पाहिलं... आणि मग त्याची जन्मतारीख दोनदा विचारावी लागली.

त्याच्या मागे माझं लाडकं कपाट होतं. मोठ्या माणसांसाठीच्या कॉमिक्सचं. वाचनालयात ती कुणीच नेत नसे. मुलांची म्हणून मोठी माणसं हात लावत नसत, आणि एकदा एका मुलानं नेली तेव्हा त्याची आई तणतणत आली. तेव्हापासून मी तिथं पाटी लावली होती : फक्त प्रौढ वाचकांसाठी.

त्यानं ती पाटी एकेक अक्षर लावत वाचली. "प्रौ...ढ. प्रौढ म्हंजे म्हातारी न्हवं? मी एकोणतीसचा हाय. चालंल?"

"प्रौढ म्हणजे मोठी माणसं. तुम्ही चालाल."

"तुमी कितीच्या?"

"ते फॉर्मवर नसतं."

"माझं लिवलं की फॉर्मवर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा खरोखर हसला.

मग कळलं. त्याचं गाव विट्याजवळ, पण वाढला तमिळनाडूत, सेलमला. तिकडं त्याच्या चुलत्याचं गलाईचं दुकान. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. घरात मराठी, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. त्यामुळे बोलणं विट्याचं पक्कं, पण मराठी वाचताना पाय अडखळल्यासारखा अडखळायचा. आता गावी आईजवळ राहून दर मंगळवारी तो मिरजेच्या डॉक्टरांकडं येत होता.

"मनाचे डॉक्टर हायत," त्यानं खाली बघत सांगितलं. "म्हणले, वाचत जावा. पर सलग वाचलं की डोकं भलतीकडंच जातंय. चित्रं आसली की कसं... धराय कायतरी राहतंय."

धरायला काहीतरी. कॉमिक्सबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्यांदा कुठलं द्यावं..." मी कपाटासमोर उभी राहिले. "कसं चालेल तुम्हाला? खून, मारामारी, रक्त?"

"रक्त चालतंय," तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. "दारं नगंत."

"दारं?"

"बंद व्हणारी."

मी आणखी काही विचारलं नाही. 'खाडीवरचा फौजदार' या मालिकेचा पहिला भाग काढला, तिथंच उभ्यानं पूर्ण चाळला, आणि मगच त्याच्या हातात दिला. बहुतेक कथा होडीत घडते. होडीला दार नसतं.

*

त्या दिवसापासून माझा एक उद्योग सुरू झाला. पुढच्या मंगळवारी त्याला काय द्यायचं, हे ठरवायचं. मालिका चांगली हवी, पुरी झालेली हवी — अर्धवट राहिलेली कथा त्याला देऊन मी त्याला लटकत ठेवणार नव्हते. चित्रं फार गजबजलेली नकोत. मराठी सोपं हवं. आणि दारं...

कॉमिक्समध्ये किती दारं असतात, हे मला तेव्हा कळलं! प्रत्येक दुसऱ्या पानावर कुणीतरी दार लावत असतं. प्रियकर रागावला की दार लावतो, फौजदार गुप्त बोलायला लागला की दार लावतो. मी प्रत्येक भाग घरी नेऊन वाचायची आणि पानापानांत पिवळ्या चिठ्ठ्या ठेवायची. 'पान २३. दार बंद होतं, पण पुढच्याच चित्रात उघडतं.' 'पान ४०. इथं जपून. वाटलं तर दोन पानं सोडा, कथा कळते.'

चिठ्ठ्या परत यायच्या. मागच्या बाजूला त्याचं लेकरासारखं वाकडंतिकडं अक्षर. 'पान २३ बघितलं. दार हिरवं हाय. भ्या वाटलं न्हाई.' मी ती एकच ओळ त्या दिवशी वीस वेळा वाचली असेल.

एका वेळी दोन-दोन नेत फौजदाराचे आठही भाग संपले, तेव्हा मी त्याला 'निवृत्तीनंतर' दिली. म्हातारं जोडपं स्कूटरवरून कोकण फिरतं, अशी मालिका.

"ह्यात प्रौढांसाठी काय हाय?" त्यानं पानं उलटत विचारलं. "रक्त न्हाई, शिवी न्हाई..."

"दुःख आहे."

"आन तुमी काय वाचता सोताला?"

"भुताचं."

तो मागं रेलून बघतच राहिला. "तुमी? शटरला किंचाळणाऱ्या?"

"पुस्तकातलं भूत पुस्तक मिटलं की जातं," मी म्हणाले. "बाहेरचं कुठं जातं?"

तो पुस्तक पिशवीत भरायला लागला. माझंच चुकलं असं मला वाटलं. पण जाताना म्हणाला, "मला बी द्या एक भुताचं. मिटून बघतो."

मी भीत भीत 'बिऱ्हाड नंबर सात'चा पहिला भाग दिला. चोवीस चिठ्ठ्या घालून. पुस्तकापेक्षा चिठ्ठ्याच जाड झाल्या. आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मंगळवारी पुस्तक परत आलं. शेवटच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं — 'पान ५८ वरची बाई तुमच्यावानी दिसतिया.'

मी धावत पान ५८ उघडलं.

"अहो, ही तर भूत आहे!"

"आसंल," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पर दिसाय चांगली हाय."

मी त्या दिवशी तीन पुस्तकांवर चुकीचे शिक्के मारले.

दीड वाजताच्या शटरचं काय करायचं, तेही मी ठरवून टाकलं होतं. अनोळखी माणसाशी बोलायला मला घाम फुटतो, पण मी शेजारी जाऊन कोंडीबांना म्हणाले, "मंगळवारी जरा हळू खाली घ्याल का?"

"बाई, शटर हाय ते. पाळणा न्हाई," कोंडीबा म्हणाले.

पण मंगळवारी पाहिलं तर ते शटरला तेल घालत होते. आणि दीड वाजता त्यांनी ते दोन्ही हातांनी, खरंच पाळण्यासारखं, हळूहळू खाली आणलं.

वीरधवलनं ते पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ.

त्या दिवशी त्यानं सांगितलं. मी न विचारता.

सेलमला, भर दुपारी, तिघं जण गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरले आणि त्यांनी आतून शटर ओढून घेतलं. आत तो आणि त्याचा चुलता, आप्पासो. एकानं आप्पांच्या गळ्याला सुरा लावला. भट्टी पेटलेली होती, ॲसिडचा धूर कोंडला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिजोरीची किल्ली वीरधवलच्या कमरेला होती.

"आप्पा डोळ्यांनी न्हाई म्हणत हुतं. देऊ नगं म्हणत हुतं. मी दिली, मॅडम. हात जोडून दिली." त्यानं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. "शटर परत वर गेलं तवा दोन तास झालंवतं. लोकांचं सोनं हुतं ते. तवापासनं आप्पा माझ्याकडं बगून बोललं न्हाईत. आता म्हंत्यात, पाडव्याला दुकान परत उघडतोय, ये. रोज फोन करत्यात. त्यास्नी वाटतंय, मी भ्यालो म्हणून समदं गेलं..."

"आणि तुम्हाला?"

"मला बी तसंच वाटतंय."

शहाणी माणसं अशा वेळी काहीतरी चांगलं बोलतात. मी नुसता टेबलावरचा माझा हात दोन बोटं पुढं सरकवला. तो त्याच्या हातापर्यंत पोचला नाही. तिथंच थांबला... आणि त्यानं तो पाहिला.

पाडवा महिन्यावर आला होता. तो गेला तर त्या शटरमागं त्याचं काय होईल, याची मला भीती वाटत होती. आणि तो गेला तर माझं काय होईल, याची तर त्याहून जास्त. ही दुसरी भीती मी कुणालाच सांगितली नाही.

*

आणि मग मी चूक केली.

'तिसरी पाळी' ही सूतगिरणीतल्या कामगारांची मालिका. डबे, संप, युनियन, एक अबोल प्रेम. चार भाग मी वाचून, तपासून दिले होते. एकदम सुरक्षित. पाचवा भाग मंगळवारी सकाळीच पार्सलनं आला. मी तो उघडलाही नव्हता.

"आज थांबा. मी वाचून पुढच्या वेळी देते," मी म्हणाले.

"आवं, गिरणीच हाय की. तितं काय व्हणार?" त्यानं पुस्तक पिशवीत टाकलंसुद्धा. "दर येळंला तुमीच आदी भ्यायचं का? ह्या येळंला मला भिऊ द्या."

आम्ही दोघंही हसलो. त्याची एसटी लागली होती.

शुक्रवारी त्याच भागाची दुसरी प्रत आली. मी जेवणाच्या सुट्टीत उघडली. पान ३१ वर पगाराचा दिवस. पान ३२ वर गिरणीच्या कॅशिअरच्या खोलीत तीन माणसं शिरतात... आणि आतून दार लावून घेतात. पुढच्या पानावरही दार बंदच.

मी पुस्तक मिटलं. पुढं वाचवेना. मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

मंगळवार आला. दीड वाजला. कोंडीबांनी शटर हळूच खाली घेतलं. टेबल रिकामं होतं.

दुसरा मंगळवारही तसाच गेला. फोन बंदच. मिरजेच्या डॉक्टरांचं नाव मला माहीत नव्हतं. डोळे मिटले की मला तो दिसायचा — कुठल्या तरी टेबलाखाली, हात पाठीमागे बांधून. मीच त्याला तिथं ढकललं होतं. मीच, माझ्या हातानं.

बुधवारी मी रजा टाकली. सभासदाच्या फॉर्मवरून त्याचा पत्ता वहीत उतरवला आणि सकाळच्या एसटीत बसले. आईला सांगितलं, वाचनालयाचं काम आहे. घराबाहेर पडून मी एकटी कधी मिरजेच्या पुढं गेले नव्हते. तासगाव गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रांगत होती, आणि प्रत्येक स्टॉपवर मला उतरून परत जावंसं वाटत होतं. त्याच्या घरी काय म्हणायचं? मी कोण आहे म्हणून सांगायचं?

विट्याला उतरून रिक्षानं गावात पोचले. ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नाक डिट्टो त्याच्यासारखं.

"वीरधवल आहेत का? मी... वाचनालयातून आले. सांगलीच्या."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पुस्तक मागाय आला व्हय? एवड्या लांब?"

"नाही. म्हणजे... हो. ते बरे आहेत ना?"

माझा आवाज फुटला असावा. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं ओट्यावरची फोलपटं झाडली आणि मला बसवलं. त्या त्याची आई, अंबूबाई.

"बरं म्हणायचं का काय म्हणायचं, मला बी कळंना," त्या म्हणाल्या. "पंधरा दिस झालं. ते पुस्तक घेऊन बसला, रातभर दिवा चालू. सकाळी पिशवी भरली आन म्हणला, साताऱ्याला जातो, ऋषिराजकडं. ऋषिराज म्हंजे माज्या भावाचा ल्योक. त्याचं तितं गलाईचंच दुकान हाय. मी म्हणलं, आरं, दुकानाच्या नावानं तुला कापरं भरतंय न्हवं? तर म्हणला, म्हणूनच."

"फोन का बंद आहे?"

"आप्पांचा फोन यील म्हणून." त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. "तुमी जाताय व्हय साताऱ्याला?"

मी परत जायचं ठरवलं होतं. खरंच. पण तोंडातून निघालं, "जाते."

*

कऱ्हाडला गाडी बदलून साताऱ्याला पोचले, तेव्हा सव्वा वाजला होता. राजवाड्याजवळच्या अरुंद गल्लीत ऋषिराजचं दुकान सापडलं. आणि दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, एका दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. बारीक झाला होता. दाढी वाढली होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. इतक्या लांब काय काय बोलायचं ते जुळवत आले होते. त्यातलं काहीच आठवेना.

"पुस्तकाची मुदत संपली," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

तो ताडकन उठला. "आवं... मॅडम... तुमी कशा काय हितं? कुनासंगं आला?"

"एकटी! फोन बंद करून बसता! मला वाटलं... मी ते वाचलंच नव्हतं, मला माहीतच नव्हतं आत काय आहे... मला वाटलं, तुम्ही—"

"लोक बगाय लागलीत," तो हळूच म्हणाला. "बसा. आदी बसा."

मी बसले. तो दोन हात अंतर ठेवून बसला. मग एक हात.

"पुरं वाचलं का तुमी ते?" त्यानं विचारलं.

"नाही. दार लागल्यावर मिटलं मी."

"मी बी मिटलंवतं. तीनदा. चवथ्यांदा म्हणलं, बगू तरी." तो समोरच्या दुकानाकडं बघत बोलत होता. "तो क्याशियर बी किल्ली देतो. माझ्यावानीच. हात जोडून. मग ती चोर जात्यात, दार उगडतं... आन फुडचं पान. अक्कं पान, मॅडम. एकच चित्र. तो घरी बसून भाकरी खातोय. बायको वाढतिया. एक शबुद न्हाई लिवल्याला. त्याला कुनी भित्रा म्हणलं न्हाई. तो जेवतोय, बास." त्यानं हवेतच घास मोडून दाखवला. "मी अकरा येळा बगितलं ते पान. तवा वाटलं, मी बी जिता हाय की. आप्पा बी जितं हायत."

मी डोळे पुसले.

"मग हितं आलो. पयल्या दिशी ह्या पायरीवर. चार दिवस हितंच. मग उंबऱ्यापातुर गेलो. आता आत जाऊन बसतोय, पर शटर वर आसलं तरच. दीडला ऋषिराज शटर ओढून जेवाय जातो. त्याच्या आदीच मी भाईर पळतोय. रोज ठरवतो, आज थांबायचं..."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी भ्याला आसता."

"मी तशीही भ्यालेच की!"

तो हसला. पण डोळे समोर होते. ऋषिराज दुकानातून बाहेर आला, आमच्याकडं बघून थबकला आणि घड्याळ दाखवलं. दीड.

वीरधवल उठला. त्याचे हात पाठीमागे गेले. "तुमी हितं बसा. मी बगतो आज."

"मी आत येते."

"आवं, तितं अंधार आसतो. तुमास्नी भ्या वाटंल."

"वाटेल ना," मी म्हणाले. मी पिशवी खांद्याला अडकवली. "म्हणूनच येते."

आत एकच ट्यूबलाइट, विझलेली भट्टी, नाकात जाणारा ॲसिडचा उग्र वास. आम्ही दोन स्टुलांवर समोरासमोर बसलो. ऋषिराजनं बाहेरून विचारलं, "घेऊ का, दादा?" वीरधवलनं मान हलवली, पण आवाज फुटेना. मग मीच ओरडले, "घ्या! हळू घ्या!"

शटर खाली आलं. गल्लीचा आवाज बंद झाला... आणि त्याचा श्वास ऐकू यायला लागला. भराभर, तुटक. डोळे शटरवर खिळलेले.

"बोला," तो कसाबसा म्हणाला. "कायतरी बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"कायबी. तुमी कशाकशाला भिता ते सांगा."

"कुत्र्याला. लिफ्टला. इंजेक्शनला. शिक्का उलटा मारला तर सचिव ओरडतील याला. पालीला..."

"फुडं..."

"तुम्ही पाडव्याला सेलमला जाल, याला."

त्याची नजर शटरवरून माझ्याकडं आली.

मी थांबले असते. पण थांबले तर तो श्वास परत ऐकू आला असता. "आणि... जाणार नाही म्हणालात, तर घरी काय सांगू याला. तुम्ही माझ्याबद्दल काही वाटतं म्हणालात तर काय उत्तर देऊ, याला. आणि तसं काही वाटतच नाही म्हणालात तर... याला सगळ्यात जास्त."

त्याचा श्वास लांब झाला होता. हळू.

"अंजना," तो म्हणाला. मॅडम नाही. "वाटतंय. लय वाटतंय. पयल्या दिशी टेबलाखालनं तुमचं पाय दिसलं, ते बी थरथरत हुतं. तवापासनं."

त्यानं हात पुढं केला. ह्या वेळी मध्ये अंतर राहिलं नाही. दोघांचेही तळवे घामानं ओले होते.

मग त्यानं दुसऱ्या हातानं फोन काढला, चालू केला आणि नंबर लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"आप्पा, मी वीरधवल. ऋषिराजच्या दुकानात हाय. शटर खाली घेतलंय. आतच बसलोय."

पलीकडं खुर्चीची कुरकुर ऐकू आली.

"आप्पा, मी भ्यालोवतो तवा. म्हणून किल्ली दिली. परत तसं झालं, तर परत देईन. तुमचा जीव ज्यास्त हाय मला."

मग एका म्हाताऱ्या माणसाचा बसलेला आवाज आला. "मला बी हिकडं दार लावून बसवत न्हाई रं, पोरा. दुपारचं पानवाल्याला आत आणून बसवतोय. तुला रोज फोन कशाला करतोय? एकट्याला भ्या वाटतंय मला. कुणाला सांगू?"

वीरधवल रडला. मी त्याचा हात सोडला नाही. शटर वर गेलं तेव्हा ऋषिराजच्या हातात तीन वडापाव होते, आणि आमचे हात सोडवायचं आमच्या लक्षात राहिलं नव्हतं.

*

पाडव्याला तो सेलमला गेला. आप्पांना एकटं ठेवता येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. साताऱ्याला ऋषिराजच्या दुकानातच भागीदारी मिळणार होती. सेलमचं आवरून दोघं परत येतील, असं ठरलं होतं. पण ठरलेलं सगळं होतंच असं थोडंच आहे? त्याच्या रोजच्या फोनला पाच मिनिटं उशीर झाला, तरी मी वाचनालयाच्या दारात जाऊन उभी राहायची. सव्वा महिना मी असाच काढला.

वैशाखात ते आले. आणि एका रविवारी अंबूबाई, आप्पासो आणि वीरधवल आमच्या घरी बसले होते. रीतसर. बाबा खुर्चीत ताठ. माझे बाबा, नानासो, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. घरातही ते समोर रस्ता असल्यासारखे बसतात. मी चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन आले. कप एकमेकांवर वाजत होते.

आप्पासोंनी बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, आधीच सांगतो. मागनं बोल नगं. आमचा पोरगा भितो. अजून बी मोठा आवाज झाला की दचाकतो. चालंल तुला?"

आईचा हात पदराशी थांबला. वीरधवल जमिनीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मीही भिते."

"मी बी भितो," आप्पासो म्हणाले.

आता बाबा काय म्हणतील, म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खंबाटकीचा घाट उतरताना," ते म्हणाले, "तीस वर्षं, प्रत्येक खेपेला माझी मांडी थरथरायची. हे आजपर्यंत हिच्या आईलाही सांगितलेलं नाही."

"अगंबाई!" आई म्हणाली.

आधी अंबूबाई हसल्या. मग आप्पासो. मग सगळेच. बाबासुद्धा, तोंडावर हात ठेवून. त्या गलक्यात वीरधवलनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि ओठ जेमतेम हलवत विचारलं, "चालंल? व्हय का?"

मी रिकामा ट्रे छातीशी धरला.

"व्हय," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच निघालं ते. सगळे हसायचे थांबले.